सातशे फूट म्हणजे किती पाणी?

२०२२ च्या जुलैत, चातुर्मास लागायच्या त्या दिवसांत, आमच्या आदिलाबादच्या महिला मंडळात प्रवचनापेक्षा जास्त चर्चा कडमच्या धरणाची चालली होती. टीव्हीवर खालून पट्टी सरकत होती: पातळी सातशे फूट, आवक पाच लाख क्युसेक, एक दरवाजा उघडेना. ज्यांची नातेवाईक मंडळी निर्मलच्या बाजूला, धरणाखालच्या गावांत होती, त्यांचे फोन सारखे वाजत होते. गावं रिकामी करायला सांगितली होती. आणि आमच्यातल्या एक वयस्क बाई, चांगल्या शिकलेल्या, हात जोडून म्हणाल्या, "सातशे फूट पाणी! अहो, आपल्या मंदिराचं शिखर त्यात कितींदा बुडेल!"

कुणी हसलं नाही. कारण सातशे फूट म्हणजे काय, हे तिथे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. तेव्हापासून मी या पाण्याच्या शब्दांच्या मागे लागले. मी कला शाखेची पदवीधर, गणिताशी माझं कधी फार जमलं नाही. पण हे शब्द काही फार अवघड नाहीत. त्यांच्यामागे एक मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक तुकडा आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे, जो आपल्यापैकी बहुतेकींना कुणी सांगितलेलाच नाही.

आधी ते सातशे फूट. कडम धरणाची पूर्ण संचय पातळी सातशे फूट आहे, म्हणजे धरण काठोकाठ भरलं की पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सातशे फूट उंचीवर येतो. समुद्रापासून! धरणाच्या तळापासून नव्हे. भिंतीची उंची सगळ्यात जास्त जिथे आहे तिथे ती एकतीस मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण शंभर फूट. बाकीचे सहाशे फूट म्हणजे आपली जमीनच. त्याच आठवड्यात भद्राचलमला गोदावरी एकाहत्तर फुटांवर गेल्याची बातमी होती, तेव्हा मंडळातल्या एकीने विचारलं, "मग तिथे कमी पूर आहे का?" तिथला आकडा समुद्रापासून मोजत नाहीत, घाटावरच्या मोजपट्टीवरून मोजतात. तिथे त्रेचाळीस फुटांना पहिला इशारा, अठ्ठेचाळीसला दुसरा आणि त्रेपन्नला तिसरा. एकाहत्तर म्हणजे १९८६ नंतरचा सर्वांत मोठा पूर. तेव्हा बातमीत फूट ऐकले की पहिला प्रश्न विचारायचा तो असा की शून्य कुठे धरलंय. आपण घरात मुलांची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतो, तेव्हा शून्य फरशीवर असतं. उंबऱ्यावर उभं करून मोजलं तर पोरगं एका दिवसात चार बोटं वाढतं!

आता कडम. ही नदी आपल्या बोथच्या डोंगराकडून येते. जिथे आपण सहलीला जातो तो कुंतालाचा धबधबा याच नदीवरचा. तिथे पाणी दीडशे फुटांच्या आसपास खाली कोसळतं. पुढे जंगलातून वळणं घेत ती गोदावरीला मिळते, आणि मिळण्याच्या थोडं आधी तिला अडवलेलं आहे. हे धरण आज निर्मल जिल्ह्यात मोजतात, पण २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे चार तुकडे होईपर्यंत ते आदिलाबादचंच होतं, आणि माझ्या पिढीच्या तोंडी अजून ते आदिलाबादचंच आहे.

काम सुरू झालं १९४९ च्या सुमारास. हैदराबाद संस्थान नुकतंच भारतात विलीन झालं होतं. पाटबंधाऱ्याला तेव्हा सरकारी कागदावर आबपाशी म्हणत, गावात तेलुगू माणूस चेरुवु आणि कट्टा म्हणे, आणि आपली माणसं तळं आणि पाळ म्हणत. एकाच बांधाला तीन भाषांत नावं होती. काम चालू असतानाच १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने बांधली गेली. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथमधलं इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. नांदेडकडचे मुधोळ, भैंसा आणि कुबेर आंध्रात आले. किती घरांत त्या वर्षी माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात झालं, ते आपल्या आज्यांना विचारायला हवं होतं. मला वाटतं, कडमची गोष्ट मराठीत न येण्याचं एक कारण हेही असावं. धरण तेलंगणातलं, वाचक महाराष्ट्रातले, आणि मधल्या आपल्यासारख्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही.

ती गोष्ट अशी. ऑगस्ट १९५८. धरण उभं राहिलं होतं. मधे दगडी भाग, त्यात पाणी सोडायचे दरवाजे, आणि दोन्ही बाजूंना मातीचे लांब बांध. वर पाऊस लागला आणि नदीला असा पूर आला की त्याची नोंद सेकंदाला चौदा हजार सातशे घनमीटर अशी झाली. बांधाचा माथा अपेक्षित पाण्याच्या वर २.४ मीटर, म्हणजे आठ फूट, मोकळा ठेवलेला होता. पाणी ते आठ फूट चढलं आणि वर आणखी ४६ सेंटिमीटर गेलं. ४६ सेंटिमीटर म्हणजे आपला जुना एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्या एक हात पाण्याने डाव्या बाजूच्या मातीच्या बांधाला १३७ मीटर रुंद खिंडार पाडलं, आणि उजव्या बाजूलाही दोन ठिकाणी बांध फुटला.

हे आकडे वाचले तेव्हा मी पहिल्यांदा बसून क्युसेकचा हिशेब केला. तुम्हीही करून बघा, हातासरशी होतो. क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट पाणी. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी भरून पाणी, दर सेकंदाला. लिटरमध्ये ते २८.३ होतं, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन घागरी जवळजवळ काठोकाठ. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदात दोन घागरी. हा साठा नव्हे, हा वेग आहे. "धरणात इतके क्युसेक पाणी आहे" असं कुणी म्हटलं तर ते "माझ्या घरी ताशी चाळीस किलोमीटर साखर आहे" असं म्हणण्यासारखं आहे. आणि हे मी वर्तमानपत्रातसुद्धा वाचलेलं आहे!

या वाहत्या मापाला आपल्याकडे विसर्ग म्हणतात. बी. ए. ला संस्कृत शिकताना विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं आणि सोडलेला श्वास. पाटबंधाऱ्यात विसर्ग म्हणजे सोडलेलं पाणी. शब्द एकच, अर्थही तसा एकच, सोडणं. आत येणाऱ्या पाण्याला आवक म्हणतात, बाजारसमितीत कापसाची आवक म्हणतात तसं. आणि साठ्याचं माप टीएमसी: हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे बत्तीस कोटी लिटर.

आता १९५८ चे ते चौदा हजार सातशे घनमीटर क्युसेकमध्ये मांडले तर पाच लाख एकोणीस हजार होतात. एका सेकंदाला एक कोटी सत्तेचाळीस लाख लिटर. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा, असे चौदाशे सत्तर टँकर एका सेकंदात, पुढच्या सेकंदात आणखी चौदाशे सत्तर. कडमचा आजचा साठा साडेसात टीएमसीच्या थोडा वर आहे. पाच लाख क्युसेक पूर सतत आला तर एक टीएमसी भरायला दोन हजार सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं लागतात. पूर्ण रिकामं धरण सव्वाचार तासांत भरेल. सकाळी पूजेला बसलो तेव्हा कोरडं आणि दुपारी जेवणं होताहेत तोवर भरलेलं. "आधीच धरण रिकामं करून ठेवायला काय झालं होतं" असं लोक सहज म्हणतात, तेव्हा हा सव्वाचार तासांचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवावा असं मला वाटतं. रिकामं ठेवून वेळ मिळतो, पण थोडा.

म्हणून खरा प्रश्न पाणी साठवण्याचा नाही, ते सुखरूप पुढे घालवण्याचा आहे. ती वाट म्हणजे सांडवा. सांडवा हा शब्द मला फार आवडतो. सांडायचंच आहे, पण ठरवून सांडायचं. आपल्याकडे तेलुगूत त्यालाच मत्तडी म्हणतात. तामसीच्या बाजूला मत्तडी वागू नावाचा प्रकल्प आहे, त्याचा अर्थ इतकाच की सांडव्याचा ओढा. गावोगावच्या जुन्या तळ्यांना अशा मत्तड्या असतात, दगडी, बुटक्या, पाळीपेक्षा खालच्या. मातीच्या पाळीवरून पाणी कधीही जाऊ द्यायचं नाही, हे आपल्या वडारी आणि कुणबी माणसांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

का जाऊ द्यायचं नाही? याचं उत्तर इटलीच्या टोरिचेल्लीने १६४४ मध्ये छापलं. तो गॅलिलिओच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेला शिष्य. पाण्याने भरलेल्या भांड्याला खाली भोक पाडलं तर धार किती वेगाने बाहेर येते? त्याचं म्हणणं असं की वरच्या पातळीपासून तेवढ्या उंचीवरून एखादी वस्तू खाली पडताना जितका वेग घेईल, तितक्याच वेगाने. पाणी साठलेलं असो की पडत असो, उंची हीच त्याची पुंजी. तीस मीटर उंचीवरून पाणी खाली आलं तर घर्षण सोडून त्याचा वेग सेकंदाला चोवीस मीटर होतो, ताशी सत्त्याऐंशी किलोमीटर. बांधाच्या उतारावरून येताना घासून घासून तो बराच कमी होतो, तरी मातीचे कण उचलून न्यायला पुरेसा असतो. दगडी सांडव्याखाली पाण्याचा हा जोर मोडायला दगडी हौद असतो. मातीच्या बांधामागे असतं गवत आणि माती. एक चर पडला की त्यातून जास्त पाणी, जास्त पाण्याने चर रुंद, रुंद चरातून आणखी पाणी. एक हात पाण्याचं साडेचारशे फुटांचं खिंडार असं होतं.

सांडव्यावरून जाणाऱ्या पाण्याचा आणखी एक स्वभाव आहे. सांडव्यावरची धार एक फूट जाडीची होती ती चार फूट झाली, तर पाणी चौपट जाईल असं आपल्याला वाटतं. ते आठपट जातं. जाडी वाढते तसा वेगही वाढतो म्हणून. त्यामुळे पूर चढताना वरचा प्रत्येक फूट खालच्या फुटापेक्षा जास्त पाणी घेऊन जातो. हे चांगलंच आहे, पण त्यासाठी वर मोकळी जागा हवी. त्या मोकळ्या जागेला मराठी अभियंते मुक्तांतर म्हणतात आणि बाकी सगळे फ्रीबोर्ड म्हणतात. दूध तापवायला ठेवताना आपण पातेलं गळ्यापर्यंत भरत नाही, ते मुक्तांतर. कडमला आठ फूट ठेवलं होतं आणि ते पुरलं नाही.

मग कुणी चुकलं का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. धरण बांधताना पुढे येणारा सगळ्यात मोठा पूर किती, हे ठरवावं लागतं, आणि त्या काळी शंभर वर्षांच्या नोंदी कुठे होत्या? नदीवर मोजपट्ट्याच नव्हत्या. म्हणून सूत्रं वापरत. नदीला पाणी देणारा मुलूख, म्हणजे पाणलोट, किती मोठा आहे त्यावरून पूर काढायचा. हैदराबाद संस्थानात असं एक सूत्र नवाब अली नवाज जंग बहादूर यांच्या नावाने ओळखतात. हे संस्थानाचे मुख्य अभियंता. मांजरेवरचं निजामसागर १९२३ ते १९३१ या काळात बांधलं गेलं ते त्यांच्याच हाताखाली. तेलंगणात ११ जुलै हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळतात. मुंबई इलाख्यात असंच सूत्र इंग्लिस साहेबांचं होतं, सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी. पंख्याचा आकार का महत्त्वाचा? पंख्याच्या सगळ्या काड्या मुठीशी एकत्र येतात, तसे सगळे ओढे एकाच वेळी नदीला मिळतात आणि पूर एकदम येतो. लांबट पाणलोटात जवळचं पाणी आधी निघून जातं, लांबचं मागून येतं. लग्नात पंगत एकदम बसली तर आचाऱ्याची जी तारांबळ होते, ती माणसं येतील तशी जेवत गेली तर होत नाही.

ही सूत्रं त्या त्या मुलखात आलेल्या पुरांवरून बांधलेली होती. न आलेला पूर त्यांत नव्हता. हुशार माणसांनी इमानाने केलेलं काम होतं ते, असंच मला वाटतं. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे, आणि तिकडे मी येतेच.

त्याआधी एक भीती दूर करते, कारण ती मंडळात वारंवार निघते. "एवढं मैलोन्मैल पाणी त्या एका भिंतीला रेटतंय" असं म्हणतात. तसं नसतं. पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर असतो, पसाऱ्यावर नाही. हे १५८६ मध्ये हॉलंडच्या सिमॉन स्टेव्हिनने मांडलं. समुद्राच्या पातळीखाली राहणाऱ्या लोकांना त्याची गरज होतीच. तीस मीटर खोलीवर दर चौरस मीटरला तीस टन दाब असतो, मग भिंतीमागे दहा मैलांचा तलाव असो की दहा फुटांची विहीर. गच्चीवरची टाकी तुम्ही दुप्पट मोठी आणलीत तरी न्हाणीघरातल्या नळाची धार वाढत नाही. टाकी उंच चढवली तर वाढते. वरच्या मजल्यावरच्या जाऊबाईंच्या नळाला धार बारीक का, याचं उत्तरही हेच. म्हणून धरणाची भिंत माथ्याशी अरुंद आणि पायाशी रुंद असते. कडमची माथ्याशी ३.२८ मीटर रुंद होती, म्हणजे एक मोटार जाईल एवढीच.

आणि मातीच्या धरणातून पाणी पाझरतं, हेही दोष मानून घाबरायचं कारण नाही. सगळीच मातीची धरणं पाझरतात. किती पाझरायचं त्याचा नियम फ्रान्समधल्या दिजों गावच्या आंरी दार्सीने १८५६ मध्ये छापला. तो गावाला पाणी पुरवणारा अभियंता. वाळूच्या थरांतून पाणी गाळताना त्याने मोजून ठेवलं की वरचं पाणी जितकं उंच तितका पाझर जास्त, आणि वाळूचा थर जितका जाड तितका पाझर कमी. आपल्या घरांत हे रोज सकाळी घडतं. छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद, असं गाळण्याचं माप आपल्या आज्यांना पाठ होतं, आणि ते दुहेरी करायचं. दुहेरी केलं की पाणी सावकाश उतरतं, कारण दार्सीच्या हिशेबात थर दुप्पट झाला. गाळण्यात राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत हलकेच परत सोडायची, वरून ओतायची नाही, म्हणून तळाला कडी असलेली बादली असे. माझ्या आजेसासूबाईंची तशी पितळी बादली आमच्याकडे अजून आहे.

धरणाच्या पोटातही असं गाळणं असतं. मातीच्या गाभ्यामागे बारीक वाळू, मग जाड वाळू, मग खडी असे थर घालतात. काम अगदी आपल्या गाळण्याचंच, फक्त अडवायचं काय ते वेगळं. पाणी जाऊ द्यायचं, मातीचा कण जाऊ द्यायचा नाही. एवढ्यासाठी धरणाखालच्या गावातल्या बायकांना एक गोष्ट माहीत असावी, कारण ओढ्यावर पहिल्यांदा त्याच जातात. बांधाच्या पायथ्याशी नितळ पाणी पाझरत असेल तर ते नेहमीचं. पण पाझर गढूळ झाला, किंवा एकदम वाढला, तर समजायचं की पाण्याबरोबर आतली माती निघाली आहे, आत नळी पडते आहे. मग घरी येऊन भाकरी टाकत बसायचं नाही, लगेच सांगायला जायचं.

आता तो राग. आपल्यापैकी कुणालाही पानशेत विचारा. पुण्याची कुणीही मावशी, आत्या सांगेल: १२ जुलै १९६१, सकाळ, पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, अर्धं पुणं पाण्याखाली. पानशेतही मातीचं धरण, तेही नवंकोरं, पहिल्याच पावसाळ्यात भरू लागलेलं. त्याची कारणं वेगळी होती, तिथे काम अपुरं राहिलं होतं आणि बांध खचला, पण शेवटी पाणी मातीच्या माथ्यावरून गेलं आणि मग काही राहिलं नाही. पानशेतवर किती लेख आले, किती आठवणी आल्या. कडम त्याच्या तीन वर्षं आधी फुटलं होतं. तीन वर्षं! मराठीत त्यावर मी काही वाचलेलं नाही, आणि आपण तर इथेच राहतो. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना "एकदा कडम फुटलं होतं" एवढंच आठवे, साल नाही, आकडा नाही. पुढे १९७९ च्या ऑगस्टात गुजरातेत मोरबीला मच्छू धरणाचे मातीचे बांध असेच वरून पाणी जाऊन फुटले, आणि किती माणसं गेली हे आपल्या गुजराती जैन बहिणींना सांगायला नको. शहर मोठं असलं की त्याची आपत्ती इतिहासात जाते. जंगलाकडेचं धरण फुटलं तर ते सरकारी यादीतली एक ओळ होतं. मला जे आकडे मिळाले ते अशा एका यादीतलेच.

कडम पुन्हा बांधलं, १९६५ पर्यंत काम चाललं. दरवाजे वाढवले, आज अठरा आहेत. १९९५ मध्ये पुन्हा बांध फुटला. आणि मग १३ जुलै २०२२, गुरुपौर्णिमा.

त्या दिवशी आवक पाच लाख क्युसेकच्या वर गेली होती. तो १९५८ चा आकडा परत बघा: पाच लाख एकोणीस हजार. चौसष्ट वर्षांनी तीच नदी जवळजवळ तेवढंच पाणी घेऊन आली. ज्याला आपण "न भूतो" म्हणत होतो तो पूर भूतच होता, फक्त आपल्या लक्षात नव्हता. विसर्ग तीन लाखांच्या आसपास होत होता. यात फार मोठं विज्ञान नाही, भाजीवाल्याचा हिशेब आहे. आलं पाच, गेलं तीन, राहिलं दोन. सेकंदाला दोन लाख घनफूट राहिलं, तर तासाला बहात्तर कोटी घनफूट, म्हणजे पाऊण टीएमसीला थोडं कमी. धरणाच्या सगळ्या साठ्याचा जवळजवळ दहावा हिस्सा दर तासाला वाढतोय, आणि धरण आधीच भरलेलं आहे. अशा वेळी अठरापैकी एक दरवाजा अडकणं म्हणजे काय, ते यावरून कळेल. सतरा उघडे आहेत याचं समाधान मानायचं, की अठराव्यातून जाऊ न शकलेलं पाणी मोजायचं? तो एक दरवाजा बंद राहिला की त्याच्या वाट्याचं पाणी जातं कुठे? ते वर चढतं.

रात्रभर गावं जागी होती. एका ओळखीच्या घरातली सून सहा महिन्यांचं बाळ, सासूची औषधं आणि घराची कागदपत्रं घेऊन उंचावरच्या शाळेत गेली. तिथे लाईट गेलेली. सकाळी आवक उतरू लागली. डाव्या कालव्याला भगदाड पडलं होतं, पण धरण राहिलं. लोक म्हणाले देवाने वाचवलं. मी त्यावर वाद घालणार नाही. पण १९५८ मध्ये पाणी जायला जेवढी वाट होती त्यापेक्षा २०२२ मध्ये जास्त होती, कारण त्या फुटण्यातून कुणीतरी शिकून वाट वाढवली होती, हेही सांगितलं पाहिजे. आणि पुढच्याच वर्षी, २०२३ च्या जुलैत, पुन्हा मोठा पूर आला, पुन्हा काही दरवाजे उघडलेच नाहीत, आणि पाणी बंद दरवाजांवरून वाहिलं. तेव्हा शिकणं कुठपर्यंत आलंय, हे तुम्हीच बघा.

आमच्या आदिलाबादच्या उत्तरेला मात्र धरण न फुटताही पाणी शेतात येतं. तिकडे पैनगंगा आहे, आपली आणि महाराष्ट्राची हद्द. ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला. खालची नदी भरून वाहत असली की वरच्या नदीचं पाणी पुढे सरकत नाही. ते मागे मागे साचत येतं. याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात. कधी कधी वाटतं, हा शब्द कुणा कास्तकारानेच दिला असणार. मोरीच्या तोंडाशी कचरा अडकला की सगळ्या अंगणात पाणी पसरतं, तसंच. बेला आणि जैनथकडच्या काळ्या जमिनीत, पाऊस थांबून ऊन पडलेलं असताना, आभाळ निळं असताना, कापसाच्या ओळींमधून पाणी हळूहळू चढताना दिसतं. वेग नाही, आवाज नाही, क्युसेकमध्ये सांगण्यासारखं काही नाही. ते तसंच चार-सहा दिवस उभं राहतं. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात. मग खालची नदी उतरते, पाणी आल्या वाटेने परत जातं, मागे बारीक गाळाचा थर राहतो, तो वाळून त्याला भेगा पडतात, आणि आमच्या घरचे पुरुष बाजारात दुबार पेरणीचं बी शोधायला निघतात.